ढोबळे सिस्टरांच्या नावावरचं पोट

ढोबळे सिस्टर सहा दिवसांत एकदाही बसल्या नव्हत्या.

पिंपळढवच्या उपजिल्हा रुग्णालयात याचं कुणालाच नवल नव्हतं. दरवर्षी घट बसले की सिस्टरांचं खडं नवरात्र सुरू व्हायचं. नऊ दिवस बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही, पोटात जाईल ते फळ आणि पाणी. झोप अनावर झाली तर घरी आढ्याला टांगलेल्या फळीवर हात टेकून उभ्याउभ्याच डुलकी काढायची. सासूबाई गेल्या आणि हे व्रत सिस्टरांकडे आलं, ते बावन्नाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. रजा घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "ड्यूटीवर तरी कुठं बसायला मिळतं?"

सहाव्या माळेला सकाळी अकरा वाजता डॉ. ऋजुता कंदले वॉर्डात आली. ती या रुग्णालयाची एकुलती एक सर्जन, वय एकतीस. सिस्टर नेहमीसारख्या उभ्या होत्या, पण नीट उभ्या नव्हत्या. डाव्या हातानं सलाइनचा स्टँड धरलेला, उजवा पाय गुडघ्यात किंचित दुमडलेला आणि उजवा तळवा पोटाच्या खालच्या बाजूला.

"काय होतंय, सिस्टर?"

"काही नाही मॅडम. उपासाचं पित्त."

"पित्त इतक्या खाली?"

सिस्टरांनी हात चटकन काढून घेतला. तिथंच ऋजुताला शंका आली. ज्या बाईनं तीस वर्षं पेशंटांची खोटी कारणं ऐकली, तिला स्वतःला एक धड खोटं बोलता येत नव्हतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. काल दुपारी बेंबीभोवती दुखायला लागलं. एक उलटी झाली. सकाळपासून दुखणं बेंबीपाशी राहिलं नाही, उजवीकडे खाली येऊन बसलं. अंगात कणकण. भूक?

"उपास आहे मॅडम. भुकेचं काय विचारता?"

ॲपेंडिक्स सुजलं की भूक मरते, हे पहिल्या लक्षणांपैकी एक. पण उपासाच्या माणसाला ते कळणार कसं?

"झोपा म्हणणार नाही," ऋजुता म्हणाली. "चवड्यांवर उभ्या राहा. आता एकदम टाचा खाली आदळा."

ही उभ्यानं करायची तपासणी तिनं पुस्तकात वाचली होती, कधी केली नव्हती. सिस्टरांनी टाचा आदळल्या आणि त्यांच्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही. फक्त चेहरा पांढरा पडला आणि सलाइनचा स्टँड त्यांच्या मुठीत थरथरला. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज पोचली की असा धक्का सोसवत नाही.

"मॅडम," सिस्टर जरा वेळानं म्हणाल्या, "हे पित्त नाही."

ॲपेंडिक्सचं निदान आजकाल कुणी असं टाचा आपटून करत नव्हतं, आणि ज्या पद्धतीनं करत होते त्या पद्धतीचं तिनं स्वतःच परवा वाटोळं केलं होतं.

ॲपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीएवढी बंद नळी. तिचं तोंड विष्ठेच्या एखाद्या खड्यानं बुजलं की आतला चिकट स्राव अडतो, दाब वाढतो, रक्त पोचेनासं होतं, जंतू माजतात. वेळेत काढली नाही तर ती फुटते आणि घाण पोटभर पसरते. पूर्वी डॉक्टर हातानं पोट दाबून, रक्त तपासून, सोनोग्राफी करून अंदाज बांधायचे आणि तरीही दहातला एखादा चुकायचा. मग 'पारखी' आली, शहरात पंचवीस वर्षांपूर्वी, इथं तेरा वर्षांपूर्वी. पारखी म्हणजे ध्वनिलहरींचे हजारो बारीक डोळे विणलेली गादी. चार मिनिटं पडून राहायचं, की पोटातल्या प्रत्येक नळीचा, प्रत्येक रक्तवाहिनीचा नकाशा तयार. दुखायला लागण्याच्या आठ-दहा तास आधी पारखी सांगायची की ॲपेंडिक्सचं तोंड बंद होतंय. पुढचं काम 'हस्तक' करायचा, म्हणजे चार यांत्रिक हात. ते शहरातल्या केंद्रात बसलेला सर्जन चालवायचा किंवा इथं शेजारच्या खोलीत बसून ऋजुता. नकाशावरून हस्तक स्वतःच लाल रेषा आखून घ्यायचा आणि कितीही ढकललं तरी त्यांच्या पलीकडे पाऊल टाकायचा नाही. त्यामुळे चुकून रक्तवाहिनी कापली जाणं बंदच झालं. तेरा वर्षांत या तालुक्यात ॲपेंडिक्सनं एकही माणूस दगावला नव्हता. आणि तेरा वर्षांत या तालुक्यात कुणी हातानं ॲपेंडिक्स काढलंही नव्हतं.

या महिन्यात नवी पारखी आली. तिच्यात प्रत्येक कर्मचाऱ्याचा 'मूळ नकाशा' नोंदवायचा होता, शेवटची तारीख सोमवार. सोमवारी चौथी माळ. सिस्टर आडव्या कशा होणार?

"मॅडम, तुम्हीच माझा ओळखपट्टा मनगटाला बांधून पडा ना. चार मिनिटांचं तर काम."

आणि ऋजुता पडली. कॉलेजात मैत्रिणीची हजेरी लावावी तशी, हसत हसत. दोन माणसांच्या नावावर एकच पोट असेल ही शक्यता यंत्र बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आली नव्हती. ते बहुधा फार गुणी विद्यार्थी असावेत.

आता ढोबळे सिस्टरांच्या नावावर राज्यभरच्या यंत्रणेत जे पोट होतं, ते ऋजुता कंदलेचं होतं.

तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी सतरा हजार, म्हणजे आत जंतुसंसर्ग. लघवी स्वच्छ, म्हणजे मुतखडा नव्हे. प्रसूती विभागातली जुनी सोनोग्राफी आणून ऋजुतानं सिस्टरांना उभं ठेवूनच पाहिलं. पडद्यावर नुसता आतड्यातला वायू. ताप एकशे एकवर गेला होता.

तिनं केंद्रात डॉ. टिकेकरांना फोन लावला. टिकेकर तिचे गुरू. हस्तक चालवायला त्यांनीच तिला शिकवलं होतं आणि दिवाळीनंतर केंद्रात रुजू व्हायची तिची ऑर्डरही त्यांच्याच सहीची होती. ती ऑर्डर मिळावी म्हणून ऋजुतानं पाच वर्षं पिंपळढवला काढली होती. तिनं त्यांना काही न लपवता सांगितलं.



"अगं, काय केलंस हे," ते म्हणाले. "बरं, ऐक. तिला आता गादीवर घालू नकोस. नवा नकाशा जुन्याशी जुळला नाही तर यंत्रणा ओळखीचा घोटाळा म्हणून सगळं बंद करेल. रक्ताच्या रिपोर्टवर मी विशेष परवानगी काढतो आणि इथून हस्तक चालवतो. नोंदीतल्या नकाशावर."

"पण तो माझा नकाशा आहे, सर."

"कॅमेरा आहे की. मला डोळ्यांनी दिसेलच."

"आणि लाल रेषा? त्या माझ्या पोटाच्या असतील. जिथं जाऊ नये तिथं हस्तक जाईल आणि जायला हवं तिथं अडेल."

टिकेकर आवाज खाली आणून म्हणाले, "ऋजुता, हे कबूल केलंस तर चौकशी माझ्याकडेच येईल. मला सही करावी लागेल. केंद्र विसर."

"जिल्ह्याला पाठवलं तर?"

"तिथंही यंत्रणेचा हाच मेंदू. कबूल केलंस की चोवीस तास तिच्या नावावर कुठलाच हस्तक चालणार नाही."

"तिच्याकडे चोवीस तास नाहीत, सर."

फोन ठेवून ती पाच मिनिटं जिन्यात उभी राहिली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त स्वतःचा संताप येत होता. गप्प बसून हातानं ऑपरेशन करावं, नंतर काहीतरी कारण लिहावं, असंही मनात येऊन गेलं. पण उद्या सिस्टरांचं काही बिघडलं आणि त्यांना कुठंही हलवलं, तर तिथला हस्तक हाच खोटा नकाशा धरून त्यांच्या पोटात शिरणार होता. तिनं यंत्रणेच्या पडद्यावर लिहिलं: 'सोमवारी ढोबळे सिस्टरांच्या नावावर नोंदवलेलं पोट माझं आहे. चूक माझी.' आणि पाठवून दिलं. दोन सेकंदांत उत्तर आलं: ओळख संशयास्पद, चोवीस तास यांत्रिक शस्त्रक्रिया बंद. खाली बारीक अक्षरात अकरावं कलम होतं. जिवाला धोका असल्यास डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर हातानं शस्त्रक्रिया करू शकतो. हे कलम आजवर कुणी वापरल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

वॉर्डात आल्यावर तिनं सिस्टरांना सरळ सांगितलं. "मी उघडून करणार आहे. हातानं."

"तुम्ही किती केलीत?"

"एकही नाही. तुम्ही किती पाहिलीत?"

"मुजुमदार सरांच्या वेळी? चारशेच्या वर असतील." सिस्टर घामानं निथळत होत्या, तरी त्यांच्या आवाजात इंचार्जची ऐट होती. "पण मी आडवी होणार नाही मॅडम. तीनच दिवस राहिलेत."

"देवीला उभी बाई पाहिजे की जिवंत?"

"दोन्ही पाहिजे तिला."

ऋजुताचा पारा चढला. ती काही बोलणार तेवढ्यात भूलतज्ज्ञ डॉ. इक्बाल इनामदार पुढे झाले. साठीचे गृहस्थ. हस्तकाच्या वेळी भूलही यंत्रच द्यायचं, पण सिझेरियन अजूनही बरीचशी हातानंच होत, म्हणून त्यांची नोकरी शाबूत होती; ती करणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र या आठवड्यात रजेवर होत्या.

"सिस्टर, आमची अम्मी आजारात रोजा सोडायची आणि बरी झाली की भरून काढायची," ते म्हणाले. "तुमच्यात काही सोय नाही का हो?"

सिस्टर जरा घुटमळल्या. "आहे. धरणाऱ्याला अडचण आली तर दुसऱ्यानं पुढं न्यायचं असतं. पण माझ्या घरात आता कोण आहे?"

दाराशी हौसामावशी फरशी पुसत होत्या. या वॉर्डाच्या जुन्या सेविका. त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि कमरेला पदर खोचला.

"म्या ऱ्हाते हुबी."

"तू? तुझे गुडघे बघ आधी."

"गुडघे माजे हायती, नवरात्र तुमचं. तुमी कशाला काळजी करताय? जावा तिकडं, पडा गुमान."

सिस्टर हसल्या आणि हसताना कळवळल्या. मग मावशींच्या कपाळाला त्यांनी स्वतःच्या कपाळावरचं कुंकू लावलं आणि स्वतःच्या पायांनी ऑपरेशन थिएटरकडे चालत गेल्या.

"शेवटचं कधी खाल्लंत?" इनामदारांनी विचारलं.

"काल अर्धं केळं. तेही उलटलं."

"इतका उपाशी पेशंट मला कधी मिळाला नव्हता," ते म्हणाले आणि पाठीच्या मणक्यात सुई दिली. छातीपासून खाली सगळं बधिर झालं, पण सिस्टर जाग्या होत्या. तसं ठरवूनच केलं होतं. थिएटरात चारशे ॲपेंडिक्स पाहिलेलं माणूस एकच होतं आणि ते टेबलावर होतं.

प्रसूती विभागाच्या बनसोडे सिस्टर सिझेरियनची हत्यारं मांडून समोर उभ्या राहिल्या. मधे हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे सिस्टरांचं पोट, पलीकडे त्यांचा आवाज.

"बेंबीपासून कमरेच्या हाडाच्या टोकापर्यंत रेघ धरा. हाडाकडून एक तृतीयांशावर या. तिथं."

ऋजुतानं सुरी टेकवली. हस्तक चालवताना तिचे हात कधी थरथरले नव्हते, कारण यंत्र कंप गाळून टाकायचं. इथं गाळणारं कोणी नव्हतं. तिनं मनगट पेशंटच्या अंगावर टेकवलं, श्वास सोडला आणि छेद घेतला. रक्त आलं. ते पडद्यावरच्या रक्तापेक्षा गरम होतं आणि त्याला वास होता.

"स्नायू लागले? ते कापू नका. कैचीचं टोक घाला आणि धाग्याच्या दिशेनं उकला."

"उकलले."

"आता पातळ अस्तर येईल. दोन चिमट्यांत उचला. मधे आतडं सापडलं नाही ना, बोटानं चाचपा. मग कापा."

अस्तर उघडलं तसं गढूळ पाणी वर आलं. त्याच्यामागून गुलाबी आतडं डोकावलं.

"त्याच्यावर लांब पांढरे पट्टे आहेत का?"

"नाहीत."

"मग ते लहान आतडं. आत ढकला. पट्टेवालं शोधा. आणि ओढताना मला सांगून ओढा, मळमळतं."

पट्टेवालं मोठं आतडं सापडलं. तीन पट्टे खाली जिथं एकत्र येतात तिथं ॲपेंडिक्सचं मूळ असतं, असं सिस्टर म्हणाल्या. ऋजुतानं एक पट्टा धरला आणि खाली खाली गेली. पट्टे एकत्र आले. तिथं मूळ दिसलंही, पण पुढचं सगळं आतड्याच्या मागे गडप झालेलं.

"मागे गेलंय, सिस्टर. मला दिसत नाही."

"जखम वाढवा. लाजू नका, मला काही मिरवायचं नाही पोट. आणि मग आतडं..."

आवाज थांबला.

"सिस्टर?"

"प्रेशर पडलंय," इनामदार म्हणाले. ते इंजेक्शन भरत होते. "मी सांभाळतो. तुम्ही थांबू नका."

बनसोडे सिस्टर ऋजुताकडे बघत होत्या. ऋजुताला वाटलं, आता सगळं सोडून बाहेर जावं आणि कुणालातरी बोलवावं. पण बोलवायला कुणी नव्हतंच. यंत्राला कळत नव्हतं, गुरू शंभर कोसांवर होते आणि जी शिकवत होती ती गप्प झाली होती. तिनं जखम दोन बोटं वाढवली. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून तर्जनी आतड्याच्या मागे सरकवली. मऊ, मऊ, गरम, आणि मग एकदम कडक काहीतरी. करंगळीएवढं, टणक, चिकटलेलं. तिनं आतड्याच्या बाहेरच्या कडेचा पडदा थोडाथोडा सोडवला, आतडं मधल्या बाजूला लोळवलं आणि ते हळूच प्रकाशात आलं. ॲपेंडिक्सचा शेंडा काळा पडला होता. तो इतका ताणलेला होता की चिमटा लावायची तिला हिंमत झाली नाही.

तिनं आधी त्याची रक्तवाहिनी बांधली. दोनदा. मग मूळ बांधलं, दोनदा. मग कापलं. ट्रेमध्ये ठेवताना शेंड्यातून पूचा एक थेंब बाहेर आला. पोटात नाही, ट्रेमध्ये.

"प्रेशर आलं," इनामदार म्हणाले.

पडद्यापलीकडून क्षीण आवाज आला. "मॉप मोजलेत का? टाके घालायच्या आधी मॉप मोजा."

"मोजतोय, सिस्टर," बनसोडे सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रक्त टिपायचे कापडी मॉप दहा दिले होते, दहा मिळाले. ऋजुतानं मिठाच्या पाण्यानं पोट धुतलं आणि टाके घालायला घेतले. हस्तकानं घातलेल्या टाक्यांइतके ते सरळ आले नाहीत.

हौसामावशी दसऱ्यापर्यंत उभ्या राहिल्या. त्यांच्या पायांना सूज आली आणि ऋजुतानं त्यांना शेवटी दटावून औषध दिलं. ढोबळे सिस्टरांचा चौथ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी त्या वॉर्डातल्या चादरींवरून ओरडायला लागल्या.

टिकेकर दसऱ्यानंतर आठवड्यानं आले. चौकशीसाठी. त्यांनी ऋजुताची कबुली वाचली, ढोबळे सिस्टरांचीही वाचली. त्यात सिस्टरांनी सगळा दोष स्वतःच्या माथी घेतला होता. मग त्यांनी सिस्टरांना नव्या पारखीवर झोपवून खरा नकाशा काढला आणि तो ऋजुताच्या नकाशावर ठेवून बराच वेळ पाहत बसले.

"मी त्या दिवशी हस्तक चालवला असता," ते शेवटी म्हणाले, "तर आतड्याच्या मागे जाऊच शकलो नसतो. तिथं तुझी लाल रेषा होती. आणि जिथं मोकळं समजून कापलं असतं, तिथं तिची मोठी रक्तवाहिनी आहे."

मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"तरी मला सही करावी लागेल. दोन वर्षं हस्तकाला हात लावायचा नाही. केंद्राची ऑर्डर रद्द."

"चूक केली मी, सर. करा सही."

त्यांनी सही केली. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलंही. तिनं ते पुसलं. बाहेर वॉर्डात दहावीतली एक मुलगी पोट धरून आली होती आणि तिच्या आईला वाट पाहायला सांगितलेलं होतं. ऋजुता उठली.

"कुठं निघालीस?"

"पेशंट आहे, सर. हस्तकाला हात लावायचा नाही. पेशंटला लावायला बंदी नाही ना?"

टिकेकर तिच्या मागोमाग वॉर्डात आले. मुलगी आडवी होती, गुडघे वर घेतलेले. ते कॉटशी थांबले. वीस वर्षं नावाजलेला माणूस, पण हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचेना.

"ऋजुता," ते हळूच म्हणाले, "मी एकाही पोटाला हात लावलेला नाही. कधीच. मला दाखवशील?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ज्या हातांनी थोड्या वेळापूर्वी तिचं नाव कापलं होतं, ते हात धरून तिनं पुढे घेतले. ते गार पडलेले होते.

"आधी चोळून गरम करा, सर," ती म्हणाली. "पोर दचकेल."